डेंग्यूतलं मूल, व्हेंटिलेटर आणि ‘पुण्याला हलवू का?’

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. भाची पाच वर्षांची, वजन १६ किलो, गाव भुदरगड तालुक्यात. चार दिवस ताप, गारगोटीत सलाईन. पाचव्या दिवशी ताप उतरला म्हणून घरचे निर्धास्त झाले आणि त्याच संध्याकाळी पोरीचे हातपाय गार पडले. आता ती कोल्हापुरातल्या एका खासगी रुग्णालयात मुलांच्या आयसीयूत आहे, नाकातून हाय-फ्लो (यंत्रानं जोरात सोडलेला) ऑक्सिजन चालू आहे आणि रात्रीतून व्हेंटिलेटर लागू शकतो असं डॉक्टरांनी सांगितलंय. भावकीतले म्हणतात, “व्हेंटिलेटरवर घातलं की माणूस परत येत न्हाई.” दाजींचे भाऊ म्हणतात पुण्याला हलवा. गेटवरचा एक ॲम्ब्युलन्सवाला ‘तिकडं बेड मिळवून देतो’ म्हणून मागं लागलाय. दाजी हबकून गेलेत आणि सगळे तुमच्याकडे, म्हणजे मामाकडे, बघतायत.

मी कोल्हापुरातच मुलांच्या अतिदक्षता विभागात बरीच वर्षं काम करते. तरी पहिल्यांदा हे सांगते: मी तुमच्या भाचीला पाहिलेलं नाही, तिची फाइल पाहिलेली नाही. पलंगाशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरांना जे दिसतंय ते मला इथून दिसणार नाही. त्यामुळे ‘हो म्हणा’ किंवा ‘हलवा’ असं मी सांगणार नाही. त्या डॉक्टरांशी नेमकं काय बोलायचं, ते सांगते.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, व्हेंटिलेटरचा आणि पुण्याचा. दोन्हींचं उत्तर एकाच गोष्टीवर अडलंय: भाची आत्ता आजाराच्या कोणत्या तासात आहे?

डेंग्यूत ताप उतरणं म्हणजे बरं होणं, हा समज फार पोरांना महागात पडतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरू लागतो आणि नेमक्या त्याच वेळी रक्तवाहिन्या पाझरू लागतात. लाल पेशी आतच राहतात, पण रक्तातलं पाणी आणि प्रथिनं बाहेर झिरपून छातीत, पोटात साठतात. हे पाझरणं सहसा २४ ते ४८ तास चालतं आणि मग थांबतं. ते थांबवणारं औषध आज कुणाकडेच नाही, पुण्यातही नाही आणि मुंबईतही नाही. तेवढे तास मुलाचं रक्ताभिसरण आणि श्वास टिकवून धरणं, हाच सगळा उपचार.

आता हिशेब बघा. १६ किलोच्या मुलीच्या अंगात एकूण रक्त सव्वा लिटरच्या आसपास. त्यातलं पाव लिटर पाणी जरी बाहेर झिरपलं, तरी हृदयाला ढकलायला रक्त कमी पडतं. मोठ्या माणसाला जे जाणवणारही नाही, ते तिला शॉकमध्ये नेतं, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त पोचत नाही. म्हणून सलाईन द्यावं लागतं आणि तेही मोजून: किलोमागे १० किंवा २० मिली, मग परत तपासणी, मग पुढचं. पण दिलेल्या सलाईनमधलंही काही पाणी त्याच फटींतून बाहेर जातं. कमी दिलं तर शॉक वाढतो, जास्त दिलं तर छातीत आणि पोटात पाणी साठून श्वास कोंडतो. ‘एवढी सलाईनं लावली म्हणून पोरगी फुगली,’ असं तुम्ही रागानं लिहिलंय. शक्य आहे की थोडं जास्त गेलं असेल. पण बहुतेक वेळा ते पाणी दिलं नसतं तर फुगायलाही मूल उरलं नसतं. यात दोष कुणाचा ते मी इथून ठरवू शकत नाही, आणि आज रात्री ते ठरवून तुमचाही काही फायदा नाही.

आता ‘पेशीं’बद्दल, कारण तुमच्या निम्म्या प्रश्नात त्याच आहेत. आयसीयूच्या दाराबाहेर येऊन मी काहीही सांगायला तोंड उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला, “मॅडम, पेशी किती हाईत?” प्लेटलेटचा आकडा गावभर फिरतो, व्हॉट्सॲपवर रक्तदाते शोधले जातात, कुणी किवी आणतं, कुणी पपईच्या पानांचा रस. खरं सांगायचं तर या टप्प्यावर प्लेटलेटपेक्षा मी पीसीव्ही, म्हणजे रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के आहे ते, आधी बघते. पाणी बाहेर गेलं की रक्त घट्ट होतं आणि पीसीव्ही वर चढतो. समजा सुरुवातीला ३६ असलेला ४५ झाला, तर पाझर जोरात चालू आहे. तो खाली येतोय, हात गरम आहेत, लघवी होतेय, तर आपण सावरतोय. तो अचानक खाली आला आणि मूल मात्र बिघडतंय, तर कुठेतरी आत रक्तस्राव होतोय का ते शोधायचं. २० हजार प्लेटलेट असलेली, गरम हातांची, पाणी मागणारी पोर मला घाबरवत नाही. ८० हजार प्लेटलेट असून गार पायांची, गप्प पडलेली पोर घाबरवते. रक्तस्राव नसताना नुसता आकडा वाढवायला प्लेटलेट चढवून फायदा होत नाही, उलट अंगात आणखी पाणी जातं. त्यामुळे डॉक्टर प्लेटलेट चढवत नसतील तर ते हलगर्जीपणा करतायत असं धरून बसू नका.

पपईच्या रसाबद्दल एकच: ज्या मुलाचा श्वास जोरात चालू आहे त्याच्या तोंडात चोरून चमचाभरही काही घालू नका. ते फुफ्फुसात जाऊ शकतं. अंबाबाईचा अंगारा कपाळाला लावायला आमच्याकडे कुणी ना म्हणत नाही. तोंडात मात्र नको.

तुम्ही लिहिलंय, “संध्याकाळी बोलत होती, बीपी पण चांगलं होतं, मग दोन तासांत आयसीयू कसं काय?” मुलांच्या बाबतीत हेच फसवं असतं. मुलाचं शरीर बीपी शेवटपर्यंत धरून ठेवतं. हातापायांकडचं रक्त ओढून मेंदूला आणि हृदयाला देतं, नाडी पळवतं आणि वरचा आकडा चांगला दाखवत राहतं. पाच वर्षांच्या मुलीचं बीपी ९२/७६ आलं तर बाहेरच्याला ते छान वाटेल. मला त्यात ९२ दिसत नाही, मधलं अंतर दिसतं. ते १६ आहे. २० किंवा त्याहून कमी झालं की डेंग्यूत तो शॉकच, वरचा आकडा काहीही असो. मग मी तिचं बोट पाच सेकंद दाबून सोडते. पांढरं पडलेलं बोट दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं, चार-पाच लागले तर रक्त तिथवर नीट पोचत नाही. मुलाचं बीपी पडलेलं दिसतं तेव्हा आधीच उशीर झालेला असतो. तुमच्या भाचीला हातपाय गार असतानाच आणलंत, हे चांगलं केलंत.

आयसीयूत रात्री नेमकं काय चालतं हे बाहेर बाकड्यावर बसलेल्यांना कधीच दिसत नाही, म्हणून थोडं सांगते. तिच्या पलंगाच्या पायाशी एक मोठा तक्ता असतो. सिस्टर दर तासाला त्यावर नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन लिहितात आणि खाली वाकून लघवीच्या पिशवीला जोडलेल्या छोट्या डबीतलं माप वाचतात. १६ किलोच्या मुलीला तासाला निदान १६ मिली लघवी व्हायला हवी, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे. पहाटे तीनला त्या डबीत सहाच मिली दिसली की सिस्टर मला उठवतात आणि १८ दिसली की फक्त तक्त्यावर लिहून पुढे जातात. पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजणारा लाल दिव्याचा चिमटा असतो, तो मुलानं पाय हलवला की निसटतो आणि मॉनिटर बोंबलायला लागतो. काचेतून बघणाऱ्या आईचा जीव अशा वेळी अर्धा होतो. त्यातले बहुतेक आवाज चिमट्याचेच असतात. खऱ्या आवाजाला सिस्टर कशा धावतात ते एकदा बघितलंत की फरक कळेल.

आता व्हेंटिलेटर.

तुमच्या भाचीला तो का लागू शकतो? छातीत दोन्ही बाजूंना पाणी, पोट फुगून छाती-पोटामधला पडदा वर ढकललेला, त्यामुळे फुफ्फुसाला फुलायला जागा नाही. ती मिनिटाला ५०-६० श्वास घेऊन भरपाई करतेय. हाय-फ्लो तिला मदत करतो, पण श्वासाचं काम तिचं तिलाच करावं लागतं. मूल काही तास हे रेटतं आणि मग थकतं. थकल्यावर श्वास मंद होतो, मूल शांत दिसायला लागतं आणि नातेवाईक म्हणतात, “आता जरा झोप लागली बघा.” ती झोप नसते. मुलांचं हृदय बहुतेक वेळा हृदयाच्या आजारानं थांबत नाही, श्वास संपल्यानं किंवा शॉकनं थांबतं. म्हणून मूल थकण्याच्या आधी, सगळी तयारी हाताशी असताना, उजेडात आणि माणसं जागेवर असताना नळी घातलेली मला बरी वाटते. डॉक्टरांनी तुम्हाला आधी सांगून ठेवलं याचा अर्थ ते पुढचं बघतायत.

‘व्हेंटिलेटरवरून परत येत नाही’ हा समज आला कुठून, ते मला कळतं. गावात आपण जी माणसं व्हेंटिलेटरवर गेलेली पाहिलेली असतात, त्यांत बरीच सत्तरीची, मोठ्या पक्षाघाताची किंवा कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातली असतात. तिथे मूळ आजारच परतीचा नसतो. यंत्र श्वास देतं, आजार बरा करत नाही. त्यामुळे यंत्राखाली कोणता आजार आहे यावर सगळं ठरतं.

उदाहरण देते. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून टोळ्या आपल्याकडे येतात. कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, जमिनीवर झोपलेल्या पोराला रात्री मण्यार चावते. पहाटे पोर म्हणतं पोट दुखतंय. चावल्याची खूणही धड दिसत नाही. मग पापण्या मिटायला लागतात, आवाज घोगरा होतो, मान टाकतं आणि श्वासाचे स्नायू बंद पडतात. मण्यारीच्या विषानं नसांची टोकं एकदा निकामी झाली की सापाच्या विषावरची लस देऊनही ती लगेच जागी होत नाहीत, काही दिवस लागतात. तेवढे दिवस व्हेंटिलेटर श्वास देतो. बाप दाराबाहेर बसून असतो, त्याला वाटत असतं आत काही उरलेलं नाही. आणि मग एके दिवशी पोर भुवया उचलतं, दोन दिवसांनी बोट दाबतं, पुढच्या आठवड्यात भाकरी मागतं. वेळेत नळी पडलेली अशी पोरं बहुतेक वेळा आपल्या पायांनी घरी जातात. व्हेंटिलेटर नसता तर त्यांतलं एकही वाचलं नसतं.

डेंग्यूचा पाझरही असाच मुदतीचा आहे. तो थांबला की छातीतलं पाणी पुन्हा रक्तात ओढलं जातं, लघवी वाढते, लागलं तर लघवीचं इंजेक्शन देतात आणि फुफ्फुस मोकळं होतं. दुसरं काही बिघडलेलं नसेल तर अशा मुलांचा व्हेंटिलेटर बहुतेकदा थोड्या दिवसांत निघतो. ‘दुसरं काही’ मात्र महत्त्वाचं आहे. यकृत खूप बिघडलं असेल, मोठा रक्तस्राव झाला असेल, मेंदूला सूज असेल किंवा शॉक बराच वेळ राहून किडनी बंद पडली असेल, तर गणित बदलतं. डेंग्यूनं मुलं दगावतातही, ते मी लपवणार नाही. म्हणून डॉक्टरांना ‘वाचेल का?’ असं विचारण्याऐवजी असं विचारा: “फक्त श्वासाचा प्रश्न आहे की आणखी कोणता अवयव बिघडलाय?” पहिल्या प्रश्नाला डॉक्टर हात वर करून ‘प्रयत्न चालू आहेत’ म्हणतील. दुसऱ्याला त्यांना नेमकं उत्तर द्यावं लागेल.

नळी घालण्यातही धोका असतो. प्लेटलेट कमी असल्यानं तोंडातून रक्त येऊ शकतं, आणि यंत्रानं दाबानं हवा भरली की हृदयाकडे येणारं रक्त कमी होऊन बीपी अचानक पडू शकतं. अनुभवी माणूस त्याआधीच बीपी वाढवणारं औषध पंपात भरून तयार ठेवतो. रात्री नळी घालायची वेळ आली तर ती कोण घालणार, ते आत असतील की घरून येणार, हे विचारायला संकोच करू नका. हा तुमचा हक्काचा प्रश्न आहे.

तुम्ही हे वाचेपर्यंत नळी पडलेलीही असेल. तर आत गेल्यावर जे दिसेल त्याची आधी कल्पना असू द्या, विशेषतः ताईला. नळी साधारण शिसपेन्सिलीएवढी जाड असते, ओठाशी चिकटपट्टीनं पक्की केलेली. ती स्वरयंत्रातून जाते म्हणून मूल बोलू शकत नाही, रडलं तरी आवाज येत नाही. नळी ओढू नये म्हणून हात मऊ पट्ट्यांनी सैल बांधलेले असतात. यावरून नातेवाईकांनी वॉर्डात भांडणं केलेली मी पाहिलीत, पण झोपेच्या गुंगीत मुलानं नळी उपसली तर काही मिनिटांत जिवावर बेततं. तोंड, डोळे सुजलेले असतील. झोपेचं आणि वेदनेचं औषध चालू असेल म्हणून ती प्रतिसाद देणार नाही. त्यावरून ‘शुद्ध गेली’ असा निष्कर्ष काढू नका. ताईनं हात धरून नेहमीच्या आवाजात बोलावं, घरच्या म्हशीचं, शाळेतल्या मैत्रिणीचं काहीही. रोज सकाळी गुंगीचं औषध कमी करून ती स्वतः किती श्वास घेते ते बघतात. नळी निघाल्यावर आवाज काही दिवस घोगरा राहतो, त्याला घाबरू नका.

‘मेलेल्या माणसाला व्हेंटिलेटरवर ठेवून बिल वाढवतात’ हेही तुमच्या कुणीतरी सांगितलंय. एका सिनेमानं ही कल्पना घरोघरी पोचवली. हृदय थांबलेल्या देहात व्हेंटिलेटर नुसती हवा भरेल. मॉनिटरवर नाडी येणार नाही, बीपी येणार नाही, देह गार पडेल आणि काही तासांत ताठरेल. हे लपवता येत नाही. मेंदूमृत अवस्थेत हृदय काही काळ चालू राहतं, पण ते वेगळं प्रकरण आहे आणि ते ठरवायला ठरावीक तपासण्या असतात. तुमच्या भाचीशी त्याचा संबंध नाही. शंका असेल तर ताईला आत जाऊ द्या, हात लावू द्या, लघवीची पिशवी बघू द्या. लघवी होतेय म्हणजे हृदय काम करतंय.

आता पुणे. इथे मी थोडी परखड बोलते.

गारगोटीहून कोल्हापूरला आणलं ते बरोबरच. मुलांचा आयसीयू नसलेल्या ठिकाणाहून तो असलेल्या सगळ्यात जवळच्या ठिकाणी जाणं, आणि तेही लवकर, यात दुमत नाही. मग चंदगडकरांना बेळगाव जवळ पडेल, शिरोळकरांना मिरज-सांगली. वैभववाडीकडची मुलं घाट चढून आपल्याकडे येतात. पण मुलांच्या आयसीयूतून दुसऱ्या आयसीयूत, पाझर ऐन भरात असताना, सव्वादोनशे किलोमीटर न्यायचं हा वेगळा निर्णय आहे. या रस्त्याचं तुम्हाला सांगायला नको. साताऱ्यापर्यंत रुंदीकरणाची कामं, वळवलेली वाहतूक, पुढे खंबाटकी. चार तास म्हणता म्हणता साडेपाच होतात. तेवढ्या वेळात आयसीयूत तिला चार-पाच वेळा तपासून सलाईन कमीजास्त केलं असतं. गाडीत ते होत नाही. पीसीव्ही काढता येत नाही, एक्स-रे नाही, धावत्या गाडीत नाडी नीट लागत नाही.

ऑक्सिजनचाच हिशेब करा. ॲम्ब्युलन्समध्ये दिसणाऱ्या बी-टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मास्कनं मिनिटाला १० लिटर लावला तर अडीच तास. म्हणजे कराड-साताऱ्याच्या पुढे तो रिकामा. दोन लागतील, तिसरा राखीव. आणि हाय-फ्लोवर असलेलं मूल नेणं तर सगळ्यात अवघड, कारण ते यंत्र सहसा गाडीत चालवता येत नाही. अशा मुलाला न्यायचंच झालं तर बरेच डॉक्टर निघण्याआधी नळी घालून घेतात, म्हणजे रस्त्यात ती वेळ येऊ नये. थोडक्यात, व्हेंटिलेटर नको म्हणून पुण्याला न्याल, तर पुण्याला नेण्यासाठीच व्हेंटिलेटर लागेल.

तरी हलवणं कधी योग्य? जेव्हा तिला लागणारी एखादी नेमकी गोष्ट इथे नाही आणि तिथे आहे. किडनी बंद पडून लहान मुलाचं डायलिसिस लागतंय आणि ते या रुग्णालयात होत नाही. यकृत निकामी होतंय. व्हेंटिलेटरवरही ऑक्सिजन टिकत नाही. किंवा रात्री मुलांचा डॉक्टर आत थांबतच नाही. यांतलं काही असेल तरी आधी कोल्हापुरातच दुसरीकडे ती सोय आहे का बघा. सीपीआर, म्हणजे इथलं सरकारी रुग्णालय, धरून शहरात चौकशी करायला एक तास लागतो, आणि तो बहुतेक वेळा पुण्याच्या पाच तासांपेक्षा सत्कारणी लागतो. डॉक्टरांना सरळ विचारा, “पुण्यात असं काय आहे जे तिला आत्ता हवंय आणि इथं नाही?” उत्तर ‘तसं काही नाही, तुमच्या समाधानासाठी’ असं आलं, तर माझ्या मते पाझर थांबेपर्यंत हलवू नये. समाधानासाठी दुसऱ्या बालअतिदक्षता तज्ज्ञाचं मत घ्या. त्यांना इथल्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावा, रिपोर्ट पाठवा. चांगल्या डॉक्टरला यात अपमान वाटत नाही.

आणि न्यायचं ठरलंच, तर डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेतोय असं) लिहून देऊन रागारागानं पोर उचलून नेऊ नका. इथल्या डॉक्टरांनी तिथल्या डॉक्टरांशी स्वतः बोलून बेड नक्की केला पाहिजे, डॉक्टरचं नाव आणि बेड पक्का असल्याशिवाय चाक हलता कामा नये. गाडीवर ‘कार्डिॲक’ रंगवलेलं असलं म्हणून आत चालू व्हेंटिलेटर असेलच असं नाही. दार उघडून बघा. व्हेंटिलेटर लहान मुलाचा श्वास देऊ शकतो का, पंपांच्या बॅटऱ्या चालतात का, नळी निसटली तर परत घालू शकणारा माणूस बरोबर आहे का. १०८ लाही मूल व्हेंटिलेटरवर आहे हे आधी सांगा, कारण त्यांच्या सगळ्या गाड्या एकसारख्या सुसज्ज नसतात. तिच्या हाताला दोन चालू सलाईनच्या सुया असू द्या आणि तुमच्याजवळ केस पेपरची प्रत, शेवटचा एक्स-रे आणि कधी किती पाणी दिलं त्याचा तक्ता. गेटवर बेड विकणाऱ्याला मात्र तुमच्या भाचीचा पीसीव्ही माहीत नसतो. त्याला वाटेला लावा.

पैशाचं तुम्ही शेवटच्या ओळीत लाजत लाजत विचारलंय. लाजू नका, तो वैद्यकीय निर्णयाचाच भाग आहे. अर्ध्यावर पैसे संपून हलवावं लागलेलं मूल मला सगळ्यात जास्त खटकतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पिवळ्या, केशरी, पांढऱ्या सगळ्याच रेशनकार्डांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण फक्त योजनेतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या उपचारांना. तुमचं रुग्णालय त्यात आहे का, हे आजच तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या माणसाला) विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही. नसेल तर डॉक्टरांना रोजचा अंदाजे खर्च विचारा आणि पैसे किती दिवस पुरतील ते स्पष्ट सांगा. म्हणजे हलवायचं झालंच तर ते शहरातल्या शहरात, पोर स्थिर असताना, दिवसाउजेडी करता येतं. रुग्णालय धर्मादाय असेल तर गरीब आणि दुर्बल घटकांसाठी राखीव खाटा असतात, समाजसेवा अधिकाऱ्याकडे अर्ज मागा.

आज रात्रीपुरतं असं करा. डॉक्टरांशी बोलायला घरातला एकच माणूस ठेवा, तुम्ही किंवा दाजी. पाच जण पाच वेळा विचारतात तेव्हा पाच वेगवेगळे अर्थ गावाकडे जातात. संमतीपत्रावर सही दाजींनी किंवा ताईनं करावी, पण शेजारी उभे तुम्ही राहा. सही करण्याआधी ‘हे कशासाठी, धोका काय, नाही केलं तर काय’ एवढं विचारून घ्या. ताईला आळीपाळीनं आत पाठवा आणि तिला जेवायला लावा. गावाकडून कुणी येत असेल तर रेशनकार्ड आणि सगळ्यांची आधार कार्डं घेऊनच यायला सांगा, नाहीतर सकाळी त्यासाठी परत गारगोटीची एसटी धरावी लागते.

उद्या सकाळच्या राउंडनंतर मला एवढंच कळवा: पीसीव्ही किती आणि कालचा किती, गेल्या सहा तासांत लघवी किती झाली, ऑक्सिजन किती टक्के लागतोय, बीपीचं औषध पंपावर चालू आहे का आणि वाढतंय की कमी होतंय. ते बघून पुण्याचं पुन्हा बोलू.